नागपूरहून पचमढीला कारने जायचंय, रस्त्यात कुठे थांबावं आणि मुक्काम कुठे करावा?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन नागपूरला आलात, नोव्हेंबरात आई-बाबा येणार, मुलगी सहा वर्षांची, गाडी घरची, घाटात चालवायची सवय आहे पण हा रस्ता माहीत नाही, तर पचमढी एका दिवसात होईल का. होईल ना. अडीचशे-दोनशेसाठ किलोमीटर आहे, पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचता, आमच्याकडचे अर्धे लोक तसंच करतात आणि पोचल्यावर दिवसभर झोपा काढतात. पण मी म्हणेन तसं करू नका. पहिली रात्र तामियाला काढा, पचमढी दुसऱ्या दिवशी. आणि वेळेचा हिशोब सकाळी किती वाजता निघायचं इथून सुरू करू नका, संध्याकाळी सूर्य किती वाजता बुडतो तिथून उलटा मोजत या.

हे शहाणपण कुठून आलं ते सांगतो. पहिल्यांदा आम्ही घरचे सहाजण गेलो होतो, नोव्हेंबरच होता. ठरलं होतं सातला निघायचं, निघालो पावणेअकराला, कारण भाऊजींना आधी पोहे पाहिजे, मग खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण पाहिजे, मग खर्रा घोटणारा त्यांचा नेहमीचाच माणूस पाहिजे. पुढे सौंसरजवळ संत्री दिसली की थांब, चहा दिसला की थांब, छिंदवाड्यालाच चार वाजले. तामियाला पोचलो तेव्हा साडेसात वाजून गेलेले, मिट्ट काळोख, थंडी अशी की दात वाजून राहिले, लॉजवाल्याने आलू-मटर आणि पोळ्या पुढे ठेवल्या त्याही गार. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आई म्हणाली, हे दाखवायला आणलं होतं का एवढ्या लांब? सकाळी सहाला तीच उठली, खोलीचं मागचं दार उघडलं आणि तिथूनच ओरडली, ‘अरे इकडे या रे, इथे जमीनच संपली!’ खरंच संपली होती. दारासमोर जेमतेम दहा पावलं अंगण, एक कठडा, आणि त्याच्या पलीकडे सरळ खाली दरी, दरीत दुधासारखं धुकं भरलेलं आणि त्यातून डोंगरांची डोकी वर आलेली एकामागे एक, मोजता येणार नाहीत इतकी. म्हणजे रात्रभर आम्ही या सगळ्याकडे पाठ करून रुसून झोपलो होतो. दिवस मावळताना पाहायची जागा आहे ती, आणि आमचा तो नेमका हुकला. त्यानंतर मी चारदा गेलो, प्रत्येक वेळी घड्याळ उलटं लावून.

तर नोव्हेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास जातो. चार वाजता तामियाला खोलीत सामान टाकलेलं पाहिजे, म्हणजे चहा पिऊन, आई-बाबांचे पाय मोकळे करून कड्यावर निवांत बसता येतं. चारला तामिया म्हणजे सव्वादोनला छिंदवाडा सोडायचं. म्हणजे पाऊणच्या आसपास छिंदवाड्यात जेवायला बसायचं. म्हणजे साडेदहाला सौंसर मागे टाकलेलं पाहिजे. म्हणजे नागपुरातून साडेसात. सहा नको, सहा म्हटलं की म्हातारी माणसं चारला उठून बसतात आणि पोरगी गाडीत किरकिर करते.

घरून पोट भरून निघू नका. तर्री पोहे खाऊनच निघा म्हणणारे भेटतील, मीही अस्सल नागपूरकर आहे, पण चण्याची ती लाल तर्री आणि पुढचा घाट यांचं जमत नाही हे मी मागच्या सीटची कव्हरं धुऊन शिकलो. साधे पोहे, केळं, बस. सोबत संत्री ठेवा, ज्याला मळमळतं त्याच्या हातात साल द्या हुंगायला, गोळीपेक्षा लवकर काम होतं असा आमच्या घरचा अनुभव आहे.

रस्ता सोपा आहे. सदरमधून छिंदवाडा रोड धरायचा, मानकापूर, मग कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या, पाटणसावंगी, सावनेर. सावनेरपर्यंत पाहायला विशेष काही नाही, ट्रकच ट्रक. सावनेरला बैतूलचा रस्ता एकीकडे जातो आणि छिंदवाड्याचा दुसरीकडे, तिथे मॅपवर लक्ष ठेवा, आमच्या ओळखीचे एक काका गप्पांच्या नादात थेट पांढुर्ण्याला जाऊन पोचले होते. सावनेरच्या थोडं पुढे मध्य प्रदेश लागतो, पण तुम्हाला कळणार नाही, कारण पाट्या हिंदी झाल्या तरी माणसं मराठीच बोलतात, सौंसर-पांढुर्णा हा पट्टा तसा आपलाच आहे, संत्र्याच्या बागासुद्धा तशाच. तुम्ही जाणार तेव्हा आंबिया बहाराची संत्री झाडावर असतील. बागेच्या काठावर कोणी टोपली घेऊन बसलेलं दिसलं तर घ्या, शहरापेक्षा ताजी मिळतात. मात्र बागेत शिरून फोटो काढायचे तर आधी विचारा, सगळ्यांनाच चालत नाही.

सौंसरहून थोडं वाकडं करून जामसावळीचा मारुती आहे, पिंपळाखाली आडवा झोपलेला. आई-बाबा असतील तर हा थांबा चुकवू नका, देव म्हणून तर आहेच पण पहिला दीड-पावणेदोन तास झालेला असतो, पाय मोकळे होतात, स्वच्छतागृह मिळतं. फक्त मंगळवार-शनिवार टाळा, रांगेतच तुमचा तास जाईल आणि सगळं गणित कोलमडेल.

रामाकोन्याला कन्हान नदी लागते. हीच आपली कन्हान, नागपूरला पाणी पाजणारी, इथे मात्र दगडांतून उड्या मारत येते. त्यानंतर सिल्लेवानीचा घाट. तुम्ही सह्याद्रीतले, तुम्हाला हा घाट लहान वाटेल, वाटू द्या. सातपुडा असा एकदम भिंतीसारखा उभा राहत नाही, तो जिन्यासारखा चढतो. नागपूर तीनशे मीटरवर, सिल्लेवानी ही पहिली पायरी, ती चढली की छिंदवाड्याचं पठार पावणेसातशेवर, मग तामिया ही दुसरी पायरी, हजाराच्या वर. हे डोक्यात ठेवलं की रस्ता समजतो, नाहीतर माणूस विचारत बसतो घाट आला का, घाट गेला का. सिल्लेवानीत सागाचं जंगल आहे, नोव्हेंबरात पानं अजून बऱ्यापैकी असतात. जिथे रस्त्याला बाहेरून रुंद जागा आहे तिथेच गाडी लावा, वळणावर नको, बसवाले असे येतात की जणू रस्ता त्यांच्या आजोबांनी बांधला. पूर्वी या डोंगरातून नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी जायची, अडीच फुटी रुळांवरची, माझे बाबा तिच्यातून नोकरीला जायचे आणि सांगायचे की चढावर लोक उतरून लघवी करून परत चढायचे. खरंखोटं त्यांनाच माहीत. आता तिथे मोठी लाईन झाली. मुलीला छोट्या गाडीची इंजिनं दाखवायची असतील तर ती नागपुरातच मोतीबागच्या म्युझियममध्ये आहेत, त्यासाठी डोंगर चढायची गरज नाही.

छिंदवाडा शहराचं नाव छिंद म्हणजे शिंदीच्या झाडावरून पडलं म्हणतात. शहर म्हणून थांबण्यासारखं मला तरी वाटत नाही, पण तीन कामं इथेच करायची. जेवण. पेट्रोलची टाकी फुल्ल, कारण पुढे पंप विरळ होत जातात. आणि एटीएममधून रोख, कारण डोंगरात नेटवर्क गेलं की तुमचा यूपीआय गेला. जेवणात कुठे गक्कड-भरता दिसला तर मागवा, आपल्या रोडग्याचाच भाऊ आहे, विस्तवावर भाजलेला, सोबत वांग्या-टमाटरचं भरीत. वेळ उरला तर बादल भोई आदिवासी संग्रहालय पाहा, गोंड, भारिया, कोरकू यांच्या वस्तू आहेत, पाऊण तास पुरतो आणि पुढे जे गावं-माणसं दिसतील ती जरा वेगळ्या नजरेने दिसतात. हां, एक सांगायचं राहिलं, नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद शहा देवगडचा, आणि ते देवगड याच छिंदवाडा जिल्ह्यात आहे. १७०२ साली त्याने नागपूर वसवलं. म्हणजे आपण नागपूरचे लोक फिरायला म्हणून जातो ते खरं तर आजोळीच जातो. किल्ला पाहायचा मोह झाला तरी या ट्रिपमध्ये घालू नका, तो वेगळा अख्खा दिवस आहे.

छिंदवाड्यानंतर परासिया. कोळशाच्या खाणींचा भाग, टिपर, काळी धूळ, खड्डे. काचा वर, एसी आतल्या हवेवर, गप गाणी ऐका. हा अर्धा-पाऊण तास कोणालाच आवडत नाही, पण तो गेला की रस्ता अचानक बदलतो, गाड्या कमी होतात, दोन्ही बाजूंनी झाडं जवळ येतात आणि हवा बदलल्याचं काच खाली केल्याबरोबर नाकाला कळतं.

आता तामिया. लहानसं गाव आहे, बाजार एवढासा, दुकानं लवकर बंद होतात. कड्याच्या अगदी तोंडाशी इंग्रजांच्या वेळचं सरकारी रेस्ट हाऊस आहे. ते मिळालं तर सोनं, पण सरकारी असल्यामुळे साहेबलोकांचा नंबर आधी, त्यामुळे त्याच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघू नका. बाकी दोन-चार लॉज, रिसॉर्ट आहेत. महाबळेश्वर डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल, इथे मक्याचे स्टॉल, स्ट्रॉबेरी, घोडे, माल रोड असलं काही नाही. गरम पाणी विचारावं लागतं, जेवण आधी सांगावं लागतं, रात्री आठनंतर गावात कुत्रं सोडून कोणी नसतं. म्हणूनच मला आवडतं. रेस्ट हाऊसमध्ये राहत नसलात तरी त्याच्या आजूबाजूला कड्यावर जाऊन बसता येतं. पाचला जाऊन बसा. पहिले दहा मिनिटं मुलगी विचारेल यात काय पाहायचं, मग डोंगरांचे रंग एकेक करून बदलायला लागतात, जवळचा हिरवा, त्यामागचा निळा, त्यामागचा करडा, आणि शेवटी सगळ्यात मागचा फक्त रेघ म्हणून उरतो. सूर्य बुडाला की लगेच उठू नका, लोक लगेच उठतात. अजून वीस मिनिटं थांबा. मात्र शाली-स्वेटर आधीच अंगावर पाहिजेत, गाडीच्या डिकीत सगळ्यात खाली ठेवलेल्या बॅगेत नकोत (आमचे तिथेच होते).

दुसऱ्या दिवशी सकाळी पाताळकोट. तामियाहून छिंदीमार्गे वीस-पंचवीस किलोमीटर, रातेडच्या बाजूने वरून दरी पाहता येते. घोड्याच्या नालासारखी दरी, सुमारे ७९ चौरस किलोमीटरची, बारा गावं आत, मुख्यतः भारिया लोकांची, काही गोंड. वरून पाहिलं तर खाली शेतं आणि कौलारू घरं काड्यापेटीसारखी दिसतात. सकाळी लवकर गेलात तर खाली अजून सावली असते आणि वर उन्ह, ते पाहण्यासारखं. आई-बाबांसोबत खाली उतरायच्या भानगडीत पडू नका, वरून पुरे. आणि एक कळकळीचं, भारिया लोकांच्या पोरांना चॉकलेट वाटून फोटो काढायचे प्रकार लोक करतात ते करू नका राजेहो. ती माणसं प्रदर्शनातली नाहीत. कोणी मध, चारोळी, आवळा विकत असेल तर घ्या, भाव करत बसू नका.

माझे बाबा तिथे उभे राहिले की एकच गोष्ट सांगायचे. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत हरलेल्या नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी पुढच्या वर्षी कैद करून न्यायला घेतलं, ते वाटेत निसटले आणि या महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला राहिले. सीताबर्डीवर रोज हॉर्न वाजवत जाताना हे कधी आठवत नाही, त्या दरीच्या काठावर उभं राहिलं की पटतं, इथे लपलेल्या माणसाला कोण शोधणार.

साडेदहापर्यंत परत तामिया, नाश्ता, सामान, आणि पचमढीकडे. ऐंशीएक किलोमीटर आहे पण अडीच तास धरा. देलाखारीवरून रस्ता उतरत जातो, पार मटकुलीपर्यंत, तिथे देनवा नदी, आणि तिथून पचमढीचा खरा घाट. म्हणजे चढलेलं सगळं उतरायचं आणि पुन्हा चढायचं. उतारावर सेकंड गिअर ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. मी एकदा उतरलो, खाली आलो तर चाकांतून जळका वास, अर्धा तास झाडाखाली गाडी थंड करत बसलो आणि बायकोने तो अर्धा तास आजपर्यंत विसरू दिला नाही. माकडं खूप आहेत, खायला देऊ नका, काच उघडी ठेवून मोबाईल धरू नका. वर जाताजाता झाडं पाहा, साग मागे पडत जातो आणि पचमढीच्या पठारावर साल वृक्ष सुरू होतो. आपल्या नागपूरच्या बाजूला साल दिसत नाही, म्हणून आई-बाबांना झाडांची आवड असेल तर दाखवा.

पचमढीबद्दल सगळीकडे लिहिलेलं सापडेल म्हणून थोडक्यात. दोन रात्री ठेवा. मध्य प्रदेश पर्यटनवाल्यांनी जुने इंग्रजी बंगले राहायला दिलेत, रॉक एंड मॅनॉर, ग्लेन व्ह्यू वगैरे, उंच छत, लांबलचक व्हरांडा, महाग आहेत पण एक रात्र आई-बाबांना तिथे ठेवा. सी.पी.ची म्हणजे इंग्रजांच्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती तेव्हा उन्हाळ्यात सगळं सरकार फायली घेऊन इथे चढायचं, मे महिन्यातलं नागपूर एकदा अनुभवलंत की त्यांचं काही चुकलं असं वाटणार नाही. धूपगढ १,३५० मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच, तिथला सूर्यास्त पाहा. जंगलाच्या हद्दीतले पॉइंट परवाना घेऊन आणि जिप्सीने करावे लागतात, म्हणून पहिल्याच संध्याकाळी स्टँडवर जाऊन दर, वेळ, कुठले पॉइंट हे पक्कं करून टाका. बी फॉलला खूप पायऱ्या आहेत, उतरताना मजा आणि चढताना गुडघे. तुमच्या आईंना वर बसवून तुम्ही बापलेक जाऊन या. चौरागढला तेराशेच्या वर पायऱ्या, तिथे नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन विदर्भातली माणसं पिढ्यान् पिढ्या जातात, माझी आजी पायी गेली होती. आजी गेली म्हणून आपल्याला जमेल असं नाही. महाशिवरात्री आणि नागपंचमीच्या आसपास मात्र, यात्रेला जायचं नसेल तर पचमढीचं नावच काढू नका, नागद्वारीच्या यात्रेला आपल्याकडूनच इतके लोक जातात की राहायला कोपरा मिळत नाही. तुम्ही नोव्हेंबरात जाताय म्हणजे तो प्रश्न नाही, पण दिवाळीची सुट्टी संपू द्या. थंडीचं म्हणाल तर रात्री पारा एक आकडी होतो, कानटोप्या घ्या.

येताना मटकुली-तामिया-छिंदवाडा तोच रस्ता धरा, थेट, दुपारपर्यंत नागपूर. छिंदवाड्याहून शिवनीमार्गे पेंचच्या रस्त्याने यायचा पर्याय आहे, प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून तिथे हायवेच उचललाय, रस्ता एकदम गुळगुळीत, पण फेरा पडतो आणि तोवर सगळे थकलेले असतात.

तामियाची खोली बुक करताना फोनवर फोटो पाठवा म्हणू नका, फोटो सगळ्यांचे चांगलेच येतात. दोनच गोष्टी विचारा: मागचं दार कुठल्या बाजूला उघडतं, आणि रात्री आठला गरम पोळी मिळेल का. पहिल्याचं उत्तर ‘खाई की तरफ’ असं आलं तर ॲडव्हान्स टाकून मोकळे व्हा, पोळ्यांचं मग पाहता येईल, छिंदवाड्याहून डब्बा बांधून न्या.